न्यूमोनिया, की बुरसटलेल्या कडब्याची धूळ?



कडब्याची गंजी मोडली, दुपारपर्यंत कुटी केली. तिन्हीसांजेला थंडी वाजून ताप भरला, कोरडा खोकला आणि धाप लागली. छातीच्या फोटोत डाग दिसले. न्यूमोनिया म्हणून औषध दिले, दोन-तीन दिवसांत बरे वाटले. पुढे पुन्हा गंजीला हात लावला आणि पुन्हा तेच! असे घडत असेल तर जरा विचार करा.

न्यूमोनिया जंतूंच्या संसर्गाने होतो. पण हुबेहूब तसाच दिसणारा, संसर्ग नसलेला एक विकार आहे. डॉक्टर त्याला ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ म्हणतात. इंग्लंडमधील शेतकऱ्यांत त्याची नोंद १९३२ सालीच झाली. चारा ओला रचला की गंजी आतून तापते, त्यात बुरशी व सूक्ष्म जिवाणू वाढतात. त्यांची धूळ श्वासात गेली की काहींच्या फुप्फुसांना ती सोसत नाही, सूज येते. साठवलेल्या उसाच्या बुरसट चिपाडानेही असेच होते. हा विकार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

ओळखायचे कसे?

१. त्रास कामानंतर ४ ते ८ तासांनी सुरू होतो. म्हणून धुळीवर संशयच जात नाही.

२. काम थांबले की उतार पडतो. आपण घरी पडून राहिलो म्हणून बरे झालो, श्रेय मात्र औषधाला जाते!

३. त्याच कामानंतर त्रास पुन्हा होतो.

काहींना ताप येत नाही. खोकला, दम व वजन घटणे हळूहळू वाढते. असे क्षयातही होते. म्हणून दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्याच.

स्वतः निदान करू नका, औषधही मनाने बंद करू नका. खरा न्यूमोनिया जिवावर बेततो. या विकाराची एकच खात्रीची तपासणी नाही. फोटो, सीटी स्कॅन, फुंकून करायची तपासणी आणि तुमची हकीकत जुळवूनच निदान होते. तेव्हा डॉक्टरांना आवर्जून सांगा, “आदल्या दिवशी मी अमुक काम केले होते.”

चारा चांगला वाळवूनच रचा. बुरसटलेली गंजी स्वतः मोडू नका. मोडावीच लागली तर तोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मुखवटा लावा. नुसत्या उपरण्याने ही बारीक धूळ अडत नाही. दुखणे वारंवार अंगावर काढले तर फुप्फुसे कायमची निबर होतात, मग औषधाचाही फारसा उपयोग होत नाही.