शेतातली काडी आणि ताटातले जस्त

जत तालुक्यात ज्वारीचा कडबा कोणी पेटवत नाही. दुष्काळी भागात वैरणीची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. पण म्हैसाळ योजनेचे पाणी जिथे पोहोचले, तिथे ऊस आला आणि उसामागून पाचट आले. तुरकाट्या आणि धसकटेही बांधावर साठतात. रान लवकर मोकळे व्हावे म्हणून मग काडी लावली जाते. ही घाई समजण्यासारखी आहे; पण तिची किंमत जमीन आणि माणूस दोघेही मोजतात.

धुराचे नुकसान लगेच दिसते. त्यातील सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर उतरतात. दमेकरी, लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयरोगी यांना त्याचा त्रास अधिक होतो. जमिनीचे नुकसान मात्र सावकाश होते. पाचट जळताना त्यातील कर्ब आणि बहुतेक नत्र हवेत निघून जाते. जमिनीतला सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर तो कमी समजतात. कोरडवाहू भागात अशा जमिनी पुष्कळ आहेत.

याचा आहाराशी काय संबंध? जस्ताचे उदाहरण घ्या. चुनखडीच्या जमिनीत जस्त असूनही पिकाला सहज मिळत नाही. सेंद्रिय पदार्थ कुजताना तयार होणारी आम्ले ते मोकळे करायला मदत करतात. जमिनीतून पिकाला जस्त कमी मिळाले, की दाण्यातही कमी उतरते. डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ मध्ये इराणमधील वाढ खुंटलेल्या तरुणांविषयी लिहिले. त्यांचा आहार मुख्यतः रोटीचा होता. यामागे जस्ताची कमतरता असावी, हा त्यांचा तर्क पुढे इजिप्तमधील अभ्यासात खरा ठरला. आज जुलाब झालेल्या बाळाला आम्ही ओआरएससोबत १४ दिवस जस्ताच्या गोळ्या देतो, त्यामागे हेच ज्ञान आहे.

मग पाचट नुसते गाडायचे का? तसे केल्यास ते कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र स्वतःसाठी उचलतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून खोडव्यात पाचट सरीत पसरून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस आहे. आच्छादनामुळे ओलही टिकते, आणि जतमध्ये ती लाखमोलाची.

तुरकाट्यांचे बारीक तुकडे करून शेणकाल्यासोबत खड्ड्यात कुजवावेत. रानात मेंढरे बसवण्याची आपली जुनी रीतही उपयोगी आहे. तेल्या रोग झालेल्या डाळिंबाच्या फांद्या मात्र खतात घालू नयेत. सहायक कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने त्या वेगळ्या नष्ट कराव्यात. झिंक सल्फेट द्यायचे ते माती परीक्षणाचा अहवाल पाहूनच.

पाचटात साप-विंचू असू शकतात. हात घालण्याआधी काठीने हलवा, पायात बूट घाला. कुट्टी करताना नाकातोंडाला रुमाल बांधा. आणि शेजारच्या रानात धूर निघालाच, तर घरातल्या दमेकऱ्याला आत ठेवा आणि त्याचा पंप हाताशी असू द्या.