४ किलोची पाईप घ्यायची की ६ किलोची? तळ्याच्या पाइपलाइनचा हिशेब



वेदगंगा-दूधगंगेच्या काठानं ज्यांची संगोपन तळी आहेत, त्यातले बरेच जण आम्हाला एकच विचारतात: "४ किलोची पाईप स्वस्त पडते, मग ६ किलोची कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण मे महिन्यात तळ्यात बोटुकली असताना लाइन फुटली तर पाईप बदलता येते, मेलेलं बीज परत येत नाही. म्हणून हिशेब मांडूनच ठरवूया.

समजा, नदीपासून तळं २८ मीटर उंच, लाइन ६०० मीटर, पाईप ११० मिलीमीटर पीव्हीसी आणि पाणी सेकंदाला ६ लिटर.

१) उंचीचा दाब. १० मीटर पाण्याचा दाब म्हणजे साधारण १ किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १ किलो. २८ मीटरचे झाले २.८ किलो.

२) घर्षण. एवढ्या लांबीत, एवढ्या पाण्याला साधारण ३ मीटर जातात. एकूण ३१ मीटर, म्हणजे ३.१ किलो. इथंच थांबलं तर ४ किलोची पाईप पुरेल असं वाटतं. फसगत इथंच होते.

३) लाइट गेल्यावरचा दणका. आपल्याकडं थ्री फेज कधी जाईल सांगता येत नाही. मोटर अचानक बंद पडली की चढतं पाणी थांबतं, मागं फिरतं आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आपटतं. मॉस्कोतल्या पाण्याच्या नळांवर प्रयोग करून झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९८ च्या सुमारास याचा नियम मांडला: पाण्याचा वेग जास्त, तेवढा दणका जास्त. अशा पीव्हीसी पाइपेत वेग सेकंदाला १ मीटर असेल तर दणका सुमारे ३२ मीटरचा. आपला वेग ०.७३ मीटर, म्हणून दणका सुमारे २३ मीटर, म्हणजे २.३ किलो.

३.१ अधिक २.३ म्हणजे ५.४ किलो. ४ किलोची पाईप बाद.

आता जाडी किती हवी? पाइपेतलं पाणी भिंतीला बाहेर ढकलतं आणि पाईप उभी चिरायला बघते. म्हणून व्यास वाढला की जाडीही वाढवावी लागते. सूत्र असं:

जाडी = (दाब × बाहेरचा व्यास) ÷ (२ × ताकद + दाब)

पीव्हीसीची सुरक्षित ताकद २७ अंशाला ८.६ मेगापास्कल, म्हणजे साधारण ८६ किलो धरतात.

६ किलोला: (६ × ११०) ÷ (१७२ + ६) = ३.७ मिलीमीटर.
४ किलोला: (४ × ११०) ÷ (१७२ + ४) = २.५ मिलीमीटर.

म्हणजे ४ किलोच्या पाइपेत माल जवळपास एक तृतीयांश कमी. स्वस्ताई तिथली आहे.

काही जण म्हणतील, वरच्या अर्ध्या लाइनीत दाब कमी असतो, तिथं तरी ४ किलोची घालू. चढ सारखा असेल तर मध्यावर उंची १४, घर्षण दीड आणि दणका २३, म्हणजे ३८.५ मीटर. आकड्यात काठावर बसतं. पण मोटर बंद पडल्याबरोबर आधी दाब उतरतो आणि वरच्या भागात पोकळी होते. तेव्हा बाहेरची हवा पाइपेला दाबते आणि २.५ मिलीमीटरची भिंत चपटी व्हायची भीती असते. ३.७ ची टिकते. म्हणून सगळी लाइन ६ किलोचीच घ्यावी आणि उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवावा, असं आम्ही सुचवतो.

दुकानात एवढं बघा:
• पाइपेवर आयएसआय खूण, आयएस ४९८५, व्यास आणि दाबाचा वर्ग छापलेला हवा.
• व्हर्नियरनं तोंडाची जाडी चार ठिकाणी मोजा. सगळ्यात कमी आकडा धरायचा, सरासरी नव्हे.
• उन्हात पीव्हीसीची ताकद घटते. लाइन उघडी ठेवू नका, गाडून घ्या.

तुमची उंची, लांबी आणि मोटरचं पाणी वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येईल. हे तीन आकडे लिहून कार्यालयात या, खरेदीआधी हिशेब बसून करू.

– सचिव, संचालक मंडळाच्या वतीनं