पिशवीत दडलेला जंतू

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही आठवडे, कधी काही महिने उलटलेले असतात. नजर छान आलेली असते, आणि मग डोळा मधूनच लाल होतो, धूसर दिसू लागतं. दुखत फारसं नाही. स्टेरॉइडचे थेंब घातले की बरं वाटतं, थेंब कमी केले की पुन्हा तेच. ‘औषधाने उतार पडतोय ना?’ असं म्हणत दोन-तीन फेऱ्या अशाच जातात. खरं तर उतार पडून पुन्हा उलटणं, हीच इथली महत्त्वाची खूण.

ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग, म्हणजे एंडोफ्थॅल्मायटिस, एरवी पहिल्या काही दिवसांतच उफाळतो : ठणका, पू, नजर झपाट्याने कमी. तो ओळखू येतो. हा मात्र संथ आणि विरळा. त्याचा नेहमीचा कर्ता म्हणजे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. मुरुमांशी नाव जोडलेला हा जंतू आपल्या त्वचेच्या तेलग्रंथींत मुकाट्याने राहत असतो. ऑपरेशनमध्ये भिंगाची पारदर्शक पिशवी जागेवर ठेवून तिच्यात कृत्रिम भिंग बसवतात. जंतू आत शिरलाच, तर पिशवी आणि भिंग यांच्यामधल्या फटीत बस्तान मांडतो. तिथे ऑक्सिजन कमी, आणि त्याला तेच मानवतं. शिवाय शरीराच्या संरक्षक पेशींनाही तिथे सहज पोहोचता येत नाही. मागाहून पिशवी धुरकट झाली म्हणून लेसर मारला, तर हा जंतू मागच्या काचद्रवात, म्हणजे डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवात, पसरून आजार एकदम भडकू शकतो.

म्हणून तपासताना बाहुली पूर्ण मोठी करून पिशवीची कड न कड पाहावी लागते. तिथे पांढरा थर दिसला, तर संशय पक्का होऊ लागतो. मग नमुना. डोळ्याच्या पुढच्या भागातलं पाणी पुष्कळदा काहीच दाखवत नाही. काचद्रव किंवा पिशवीचाच तुकडा जास्त बोलका. नमुन्यासोबत प्रयोगशाळेला स्पष्ट सांगायचं, की ऑक्सिजनविरहित कल्चर लावा आणि चौदा दिवस ठेवा. नाही तर तीन-चार दिवसांत ‘वाढ नाही’ असा शेरा येतो आणि पुन्हा स्टेरॉइड सुरू होतं. पीसीआर चाचणी जंतूची जनुकं शोधते. तिला वाढीची वाट पाहावी लागत नाही.

गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही, कारण रक्त आणि दृष्टिपटल यांच्यामधला अडसर बरीच औषधं आत जाऊ देत नाही. म्हणून व्हॅन्कोमायसिन थेट डोळ्यात टोचतात : ०.१ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. एवढंसं वाटतं, पण काचद्रवच मुळात सुमारे ४ मिलिलिटर असतो. तरीही नुसत्या इंजेक्शनाने आजार बऱ्याचदा उलटतो. जंतूचं घर शाबूत असतं ना! तेव्हा व्हिट्रेक्टॉमी करून काचद्रव आणि पिशवीचा थर जमलेला भाग कापून काढतात, सोबत पुन्हा औषध. त्यालाही दाद दिली नाही, तर सगळी पिशवी भिंगासकट काढायची. नवं भिंग बसवता येतं. कधी त्याच वेळी, कधी डोळा शांत झाल्यावर.