मोशेने स्वतःचा मृत्यू कसा लिहिला?

कॅथलिक ख्रिस्तसभेने बायबल कसे वाचावे, या वादाचा ताळेबंद एकाच तारखेच्या दोन दिवसांमध्ये मावतो. १८ नोव्हेंबर १८९३ रोजी पोप तेरावे लिओ यांनी पवित्र शास्त्राच्या अभ्यासाविषयी ‘प्रोव्हिदेंतिस्सिमुस देउस’ हे विश्वपत्र काढले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ‘देई व्हेर्बुम’ हा दस्तऐवज २,३४४ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. बायबल हे देवाचे वचन आहे, हे दोन्हींत ठामपणे सांगितले आहे. पण पहिल्याचा सूर मुख्यतः पहाऱ्यावरच्या माणसाचा आहे. त्याला आधुनिक संशोधकांच्या हातात आधी हत्यार दिसते. दुसरा दस्तऐवज तेच संशोधन अभ्यासकाचे कर्तव्य म्हणून सांगतो. मधल्या ७२ वर्षांत पोपच्या गादीवर सहा माणसे येऊन गेली, पण हा बदल प्रामुख्याने त्यांनी घडवला नाही. तो वर्गात शिकवणाऱ्या, व्याकरणे लिहिणाऱ्या, तळटीपांत आयुष्य घालवणाऱ्या धर्मगुरूंनी घडवला आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याची किंमत मोजावी लागली.

प्रश्न वरवर साधा होता. बायबलची पहिली पाच पुस्तके मोशेने लिहिली, ही परंपरा. मग त्यांतल्या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरच्या अध्यायात मोशेच्या मृत्यूचे आणि त्याच्या दफनाचे वर्णन आहे, ते कोणी लिहिले? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात झाडे आणि प्राणी आधी, माणूस शेवटी. दुसऱ्यात माणूस आधी आणि प्राणी मागाहून. नोहाच्या तारवात एका ठिकाणी प्रत्येक जातीची एक जोडी, तर दुसऱ्या ठिकाणी शुद्ध पशूंच्या सात-सात. युलियुस वेलहाउझेनसारख्या जर्मन प्रॉटेस्टंट पंडितांनी यावरून वेगवेगळ्या काळांतले चार मूळ स्रोत वेगळे काढून दाखवले होते. कॅथलिक प्राध्यापकापुढे पेच असा, की हे खोडून काढायचे तर आधी समजून घ्यायला हवे, आणि समजून घेतले की त्यातले बरेचसे पटू लागे.

पॅरिसच्या कॅथलिक विद्यापीठात अल्फ्रेड ल्वाझी यांना हे पटले आणि त्यांनी ते लपवले नाही. १८९३ मध्येच त्यांची नोकरी गेली. त्यांची पुढची गोष्ट विलक्षण आहे. बर्लिनचे प्रॉटेस्टंट इतिहासकार आडोल्फ फॉन हार्नाक यांनी १९०० मध्ये ख्रिस्ती धर्माचे सार सांगणारे पुस्तक काढले. मुळातला धर्म म्हणजे पित्याचे प्रेम आणि मानवी आत्म्याचे मोल, चर्चची व्यवस्था ही नंतर चढलेली पुटे, असा त्याचा मथितार्थ. त्याला उत्तर द्यायला १९०२ मध्ये पुढे सरसावले ते ल्वाझीच. त्यांचा युक्तिवाद असा, की येशूच्या संदेशाला इतिहासात टिकायचे तर वाढायला, बदलायला आणि संस्था व्हायलाच हवे होते. म्हणजे चर्चची बाजू लढवायला उतरलेल्या माणसाचे हत्यार चर्चलाच बोचले, कारण जे वाढते ते बदलते, हे मान्य करण्याची रोमची तयारी नव्हती. १९०३ च्या डिसेंबरात त्यांची पुस्तके बंदीच्या यादीत गेली. १९०८ च्या मार्चमध्ये त्यांना बहिष्कृत केले गेले, तेही सर्वांत कडक प्रकारे: श्रद्धावंतांनी त्यांच्याशी संबंधही ठेवू नये, म्हणजे आपल्या भाषेत सरळ वाळीत. पुढच्याच वर्षी कॉलेज द फ्रान्सने त्यांना धर्मेतिहासाच्या अध्यासनावर बसवले. तोवर त्यांचा विश्वासही बराच विरला होता, त्यामुळे त्यांना हुतात्मा ठरवणे मला अवघड वाटते. पण त्यांचे विचार आधी ढळले की त्यांना आधी ढकलले गेले, हा प्रश्न सुटत नाही.

दुसऱ्या वाटेने गेलेले गृहस्थ वकिलीचे शिक्षण घेतलेले फ्रेंच डॉमिनिकन होते. मारी-जोझेफ लाग्रांज यांनी १८९० च्या नोव्हेंबरात जेरुसलेममध्ये बायबल-अभ्यासाची शाळा उघडली. जागा म्हणजे एक जुना कत्तलखाना. जनावरे बांधायच्या कड्या भिंतीत तशाच होत्या. पुस्तके तुटपुंजी होती, पण दाराबाहेर बायबलचा सारा भूगोल पसरलेला होता. ग्रंथ जिथे घडला त्या मातीत तो वाचायचा, हा लाग्रांज यांचा आग्रह. अरबी शिका, शिलालेख उतरवा, उंटावरून सिनाय पालथा घाला आणि मग मोशेबद्दल बोला. १८९२ पासून त्यांनी ‘रव्ह्यू बिब्लिक’ हे नियतकालिक चालवले. १८९७ मध्ये फ्रायबुर्गच्या परिषदेत पहिल्या पाच पुस्तकांच्या स्रोतांवर त्यांनी निबंध वाचला. देव एखाद्या लेखकाला प्रेरणा देतो तेव्हा त्याच्या काळाची लेखनपद्धती पुसून टाकत नाही, तीच वापरतो, हा त्यांच्या विचाराचा गाभा. प्राचीन पूर्वेत एखाद्या ग्रंथात भर घालणे, दोन हकिकती शेजारी ठेवणे, थोर नावाखाली लिहिणे ही फसवणूक नव्हती, तो रिवाज होता. ज्या देशात व्यासांच्या नावावर अठरा पुराणे नांदतात, तिथल्या वाचकाला हे फार समजावून सांगायला नको.

रोमला मात्र सांगावे लागत होते आणि ऐकून घेण्याची वेळ नव्हती. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या पोपच्या बायबल आयोगाने १९०६ मध्ये निर्णय दिला, की मोशेचे कर्तृत्व नाकारण्याइतके पुरावे नाहीत. १९०७ मध्ये पोप दहावे पायस यांनी ६५ विधाने दोषी ठरवली, ‘आधुनिकतावादा’वर विश्वपत्र काढले आणि आयोगाचे निर्णय बंधनकारक केले. १९१० पासून धर्मगुरूंना आणि सेमिनरीतल्या शिक्षकांना आधुनिकतावादाविरुद्ध शपथ घ्यावी लागू लागली. ती १९६७ पर्यंत चालू राहिली. लाग्रांज यांचे उत्पत्तीवरचे भाष्य तयार होते, ते छापू दिले गेले नाही. १९१२ मध्ये त्यांचे अनेक ग्रंथ सेमिनरींमध्ये वापरायला मनाई झाली. त्यांनी वर्षभरासाठी जेरुसलेम सोडले, जाहीर तक्रार केली नाही, आणि परत आले. जुना करार बाजूला ठेवून ते त्याआधीच नव्या कराराकडे वळले होते. मार्क, लूक, मत्तय, योहान या चारही शुभवर्तमानांवर त्यांनी जाडजूड भाष्ये लिहिली. १९३८ मध्ये ते वारले, उत्पत्तीवरचे भाष्य अप्रकाशितच राहिले.

लाग्रांज यांच्या आज्ञाधारकपणाचे गोडवे आज सर्रास गायले जातात, त्यांना संतपद देण्याची प्रक्रियाही सुरू आहे. त्यांची निष्ठा खरी होती, यात शंका नाही. पण ज्या व्यवस्थेने त्यांना गप्प बसवले, तिनेच नंतर त्यांच्या गप्प बसण्याला सद्गुण म्हणून मिरवावे, हे मला खटकते. एका पिढीच्या सेमिनरी-विद्यार्थ्यांना, म्हणजे पुढच्या चाळीस वर्षांच्या प्रवचनकारांना, त्या मौनाचा भुर्दंड पडला. मोशेच्या मृत्यूचा प्रश्न वर्गात विचारायचा नाही, एवढे मात्र ते शिकून बाहेर पडले.

मग वारा फिरला, तो एका विचित्र निमित्ताने. १९४१ मध्ये दोलिंदो रुओतोलो या इटालियन धर्मगुरूने एक निनावी पत्रक पोपकडे आणि इटलीच्या बिशपांकडे पाठवले. बायबलचा शास्त्रीय अभ्यास हा ख्रिस्तसभेला आणि आत्म्यांना घातक आहे, असा त्याचा सूर. ज्या आयोगाने पस्तीस वर्षांपूर्वी अभ्यासकांना दटावले होते, त्याच आयोगाने आता या पत्रकाला खडसावले. आता रोममध्ये वजन होते ते बायबल संस्थेचे रेक्टर, जर्मन येशूसंघीय ऑगस्टिन बेआ, आणि आयोगाचे सचिव जाक व्होस्ते यांचे. दोघेही विद्वान, आणि व्होस्ते तर लाग्रांज यांचे विद्यार्थी. ३० सप्टेंबर १९४३ रोजी, युद्धाचा वणवा पेटलेला असताना, पोप बारावे पायस यांचे ‘दिव्हिनो आफ्फ्लान्ते स्पिरितु’ निघाले. तारीख मुद्दाम निवडलेली होती: बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या संत जेरोम यांचा सण. पण आतला आदेश असा, की लॅटिन भाषांतरावर थांबू नका, मूळ हिब्रू आणि ग्रीककडे जा, आणि प्रत्येक पुस्तक कोणत्या साहित्यप्रकारात लिहिले आहे ते ओळखा. काव्याला इतिहासाचे माप लावू नका. लाग्रांज चाळीस वर्षांपूर्वी हेच म्हणत होते.

जुन्या निर्णयांचे काय झाले, हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. ते कधी जाहीरपणे मागे घेतले गेले नाहीत. १९५५ मध्ये बायबल आयोगाचे सचिव आणि उपसचिव यांनी दस्तऐवजांच्या एका संग्रहाच्या नव्या आवृत्तीची परीक्षणे लिहिली, एकाने जर्मनमध्ये, दुसऱ्याने लॅटिनमध्ये. श्रद्धा आणि नीतीला जे निर्णय भिडत नाहीत, त्यांच्याबाबत अभ्यासकाला पूर्ण मोकळीक आहे, असे दोघांनीही लिहून टाकले. ज्या निर्णयांपायी माणसांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांचे विसर्जन पुस्तक-परीक्षणात! कायद्याच्या दृष्टीने ते चतुर असेल, पण ज्यांचे आयुष्य त्यात गेले त्यांना कुणी पत्र लिहिले नाही.

वादाचा शेवट एवढ्याने झाला नाही. १९६० मध्ये रोममधल्याच एका पुराणमतवादी गटाने बायबल संस्थेवर जाहीर हल्ला चढवला. १९६२ मध्ये, परिषद तोंडावर आलेली असताना, स्तानिस्लास लियोने आणि माक्सिमिलियन त्सेरविक या दोन येशूसंघीय प्राध्यापकांना नवा करार शिकवण्यास बंदी झाली. त्सेरविक हे ग्रीक व्याकरणाचे शिक्षक. त्यांच्या पुस्तकावर हजारो विद्यार्थी ग्रीक शिकले. वैयाकरणाची भीती वाटू लागली म्हणजे प्रकरण किती चिघळले होते, याची कल्पना यावी. १९६४ मध्ये दोघेही वर्गात परतले.

दरम्यान परिषदेच्या सभागृहात प्रकटीकरणावरचा जुन्या वळणाचा मसुदा आला. २० नोव्हेंबर १९६२ रोजी मतदान झाले, तेही उलट्या शब्दरचनेचे: मसुदा नको असलेल्याने चर्चा थांबवण्याच्या बाजूने ‘होय’ म्हणायचे. १,३६८ जणांनी चर्चा थांबवा म्हटले, ८२२ जणांनी चालू ठेवा. दोन-तृतीयांशाला १०५ मते कमी पडली. नियमानुसार मसुदा बचावला, पण दुसऱ्या दिवशी पोप तेविसावे जॉन यांनी तो मागे घ्यायला लावून नव्या मिश्र समितीकडे सोपवला. समितीच्या दोन अध्यक्षांपैकी एक होते बेआ, आता कार्डिनल.

अंतिम मजकुराची घडण चिवट घासाघीस करून झाली. शास्त्रात चूक नाही म्हणजे नेमके काय? बायबल ‘तारक सत्य’ शिकवते, असा एक पाठ होता. अल्पमताच्या मंडळींना त्यात पळवाट दिसली: म्हणजे इतिहास-भूगोलात चूक असली तरी चालेल? पोप सहावे पॉल यांनी बदल सुचवला आणि शेवटी वाक्य असे बसले, की देवाने आपल्या तारणासाठी जे सत्य लिहून ठेवू इच्छिले ते बायबल निर्दोषपणे शिकवते. दोन्ही बाजूंना आपला अर्थ त्यात वाचता येतो. शुभवर्तमानांबाबत १९६४ च्या आयोगीय पत्रातली तीन पायऱ्यांची मांडणी आली: येशूचे जीवन, प्रेषितांची घोषणा, आणि मग लेखकांनी केलेली निवड व रचना. मत्तयाचा येशू डोंगरावर उपदेश करतो आणि लूकचा सपाटीवर, हे आता लपवायचे कारण उरले नाही. मत्तयाला येशूत नवा मोशे दाखवायचा आहे, म्हणून डोंगर.

परिषदेनंतरची पिढी या मोकळ्या हवेत वाढली. अमेरिकेचे रेमंड ब्राऊन यांचे योहानावरचे भाष्य १९६६ पासून निघाले, आणि १९७७ मध्ये येशूच्या जन्मकथांवरचा मोठा ग्रंथ. मत्तयात बेथलेहेमचे घर, ज्योतिषी, इजिप्तचे पलायन. लूकमध्ये जनगणना, गव्हाण, मेंढपाळ. नाताळच्या देखाव्यात आपण दोन्ही एकत्र मांडतो, त्या दोन निराळ्या कथा आहेत, हे त्यांनी सांगितले. लोक संतापले, त्यांना पाखंडी म्हटले गेले. पोपनी मात्र त्यांना दोनदा बायबल आयोगावर नेमले.

त्याच जन्मकथांवर, त्याच सुमारास, एका भारतीयाने काम केले होते. पुण्याच्या येशूसंघाचे जॉर्ज सोरेस-प्रभू यांचा मत्तयाच्या जन्मकथेतल्या जुन्या करारातील अवतरणांवरचा प्रबंध १९७६ मध्ये रोमला छापला गेला. युरोपच्या पद्धतीवर त्यांची पकड पक्की होती, म्हणूनच पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात शिकवताना त्यांनी तिच्यावर केलेली टीका उडवून लावता येत नाही. त्यांचे म्हणणे असे, की ही पद्धत मजकुरामागचा इतिहास शोधते, पण ते शोधताना युरोपच्या विद्यापीठाचेच प्रश्न विचारते. भारतात बायबल वाचणाऱ्यासमोर दारिद्र्य आहे, जात आहे, शेजारी दुसरे धर्म आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या अखेरच्या आज्ञेला त्यांनी बुद्धाने भिक्खूंना दिलेल्या प्रचाराच्या आज्ञेशेजारी ठेवून वाचले. येशू जकातदारांबरोबर आणि पाप्यांबरोबर जेवला, या प्रसंगावर १९९२ मध्ये त्यांनी निबंध लिहिला, तो दलित ख्रिस्ती माणसाला समोर ठेवून. पंगतीचा अर्थ इथल्या वाचकाला वेगळा सांगावा लागत नाही, आणि काही चर्चमध्ये बसायच्या जागा व दफनभूमी जातीनुसार वेगळ्या होत्या, हे त्यांना ठाऊक होते.

‘देई व्हेर्बुम’ने लोकभाषांतल्या भाषांतरांचाही आग्रह धरला होता. १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, तेव्हा ओवीबद्ध निवेदनाला वाव होता. लोकभाषेतल्या बायबलवर रोमची नजर मात्र कडक होती. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमीचा भाषांतर-पुरस्कार मिळाला. पुस्तक घरात आले. वर्गात शिकवले जाणारे पुस्तक आणि रविवारच्या मिस्सात ऐकू येणारे पुस्तक यांच्यातले अंतर मात्र अजून पुरते मिटलेले नाही. तीन पायऱ्यांची मांडणी सेमिनरीत पाठ असलेला तरुण धर्मगुरू प्रवचनाच्या वेळी ती बाजूला ठेवतो, लोक गोंधळतील म्हणून. १९९३ च्या बायबल आयोगाच्या दस्तऐवजाने ऐतिहासिक चिकित्सा अनिवार्य ठरवली आणि शब्दशः वाचनाच्या हट्टावर त्यातल्या सर्वांत कठोर ओळी खर्च केल्या. सामान्य श्रद्धावंतापर्यंत त्यातले थोडेच झिरपले.

सोरेस-प्रभू १९९५ मध्ये अपघातात गेले. पुण्यातले त्यांचे येशूसंघीय सहकारी फ्रान्सिस डिसा यांनी त्यांच्या लेखांची निवड संपादित केली आणि २००३ मध्ये ती ‘द धर्मा ऑफ जीझस’ या नावाने अमेरिकेत प्रसिद्ध झाली. जेरुसलेम, पॅरिस आणि रोमकडून शिकत आलेल्या भारतीय अभ्यासकाचे प्रश्न आता तिकडच्या वर्गातही वाचायला मिळतात.