कोल्हापूरचा फुटबॉल : बाहेरचा खेळाडू की पेठेतला पोरगा?

शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम आणि शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ भिडणार असलं, की गर्दीची चिंता कुणी करत नाही. इथले संघ मुळात पेठापेठांतल्या तालमी-मंडळांचे. पाठीराखा मोसमागणिक बदलत नाही, तो जन्मतःच ठरतो!

खरा वाद संघबांधणीचा. गेल्या काही वर्षांत तालमींनी आफ्रिकी खेळाडूही उतरवले. एक बाजू म्हणते, दणकट स्ट्रायकर आला की खेळाचा वेग वाढतो आणि आपल्या बचावपटूंचा कस लागतो. दुसरी विचारते, मग पेठेतल्या पोरानं बाकावरच बसायचं का?

अनिकेत जाधवचं उदाहरण घ्या. कोल्हापूरचा हा पोरगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे इंडियन सुपर लीगपर्यंत (आयएसएल) पोहोचला. गुणवत्ता इथली, पण घडवणारी यंत्रणा बाहेरची.

माझं मत : बाहेरचे जरूर आणा, पण प्रत्येक तालमीचा १३ आणि १५ वर्षांखालचा संघ, पगारी प्रशिक्षक आणि वर्षभराचा सराव हवाच. गॅलरी भरलेलीच आहे, आता पोरं घडवा.

तुमची तालीम कुठली? आणि तुमचं मत काय?