हवा तो शब्द ओठांवर येईना

८ जानेवारी २०११. अमेरिकेतल्या टूसॉन शहराजवळ खासदार गॅब्रिएल गिफर्ड्‌स यांच्या डोक्यात गोळी लागली. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली. उजवे हातपाय दुबळे झाले, बोलणं हरपलं. समोरच्याचं बोलणं कळे, पण हवा तो शब्द ओठांवर येईना. याला वाचाघात म्हणतात. बुद्धी गेली असा त्याचा अर्थ नव्हे, आणि घरच्यांनी सगळ्यांत आधी हेच समजून घ्यायला हवं.

ह्यूस्टनच्या पुनर्वसन रुग्णालयात त्यांना संगीतोपचाराची मोठी मदत झाली. जो शब्द बोलता येत नाही, तो कधीकधी गाण्यात सहज येतो. सूर सांभाळताना मेंदूचा उजवा भागही कामाला लागतो.

घरी काय करावं? वाक्यं छोटी, एका वेळी एकच प्रश्न, टीव्ही बंद. आणि थांबावं. शब्द पटकन पुरवण्याचा मोह आवरणं जवळच्या माणसाला फार जड जातं, पण तो शब्द शोधण्यातच सराव होतो.

इजेने बोलण्यासारखाच स्वभावही बदलू शकतो. मेंदूच्या कपाळामागच्या भागाला मार बसला असेल तर शांत माणूसही क्षुल्लक गोष्टीवरून भडकू शकतो. तो मुद्दाम करतोय असं मानणं त्याच्यावर अन्याय आहे. अशा वेळी वाद न घालता गोंगाट कमी करावा, विश्रांती द्यावी.

सेवा करणाऱ्यांनीही पाळ्या लावून घ्याव्यात, कारण हे काम काही महिन्यांत संपत नाही. गिफर्ड्‌स यांनी जानेवारी २०१२ मध्ये खासदारकी सोडली ती उपचारांसाठीच. वाचोपचार पुढेही अनेक वर्षं चालू राहिले.