नकलेलाही अक्कल लागते

मी बँकेत लागलो तेव्हा लेजर हातानेच लिहिले जायचे. पान भरले की शिल्लक पुढच्या पानावर ओढायची, मग एकाने वाचायचे नि दुसऱ्याने खुणा करायच्या. पुढे संगणक आले, तरी दिवसअखेरचा बॅकअप पुरा होईपर्यंत शाखेत चहा पीत बसावेच लागे. नक्कल म्हणजे वेळ, हे अंगवळणीच पडले होते.

म्हणूनच घरच्या संगणकावर माझ्या कादंबरीच्या सगळ्या सामग्रीची, स्कॅन केलेल्या कागदपत्रांची, ध्वनिमुद्रणांची नक्कल डोळ्याचे पाते लवायच्या आत झाली, तेव्हा मी हरखलो. रोज नक्कल करून निर्धास्त झोपू लागलो. एके सकाळी डिस्कने मान टाकली. मूळही गेले आणि सगळ्या नकलाही. दोन वर्षांचे काम!

डेटाबेसच्या क्षेत्रात असलेली माझी भाची म्हणाली, "मामा, ती नक्कल झालीच नव्हती."

तिने उदाहरण दिले पोस्टग्रेस या डेटाबेसचे. एका डेटाबेसच्या फायली उतरवून दुसरा तयार करायचा, तर तो एकेक तुकडा स्वतः वाचून नव्या फायलीत लिहितो. शिपायाने रेकॉर्डरूममधली प्रत्येक वही काउंटरवर आणावी, उतरवून घ्यावी आणि प्रत पुन्हा आत नेऊन ठेवावी, तसेच हे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीत 'क्लोन' हा पर्याय मिळाला. तो निवडला की हे काम ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते. लिनक्स आणि फ्रीबीएसडीवर एका आज्ञेने, मॅकवर दुसऱ्या. डिस्कवरची फाइल सिस्टिम बीटीआरएफएस किंवा एपीएफएससारखी असेल, तर ती एक अक्षरही उतरवत नाही. 'दोघांचे पान तेच' एवढी नोंद करते. पुढे कोणी काही बदलले, तर तेवढेच पान नव्याने लिहिले जाते. वेळ वाचतो, जागाही वाचते.

वाचकहो, युक्ती नामी आहे. चाचणीसाठी भलामोठा डेटाबेस हवा असेल तर तिच्यासारखी सोय नाही. पण नावे दोन असली तरी पान एकच. ते फाटले की दोघांचेही फाटले. बँकेत बॅकअपची टेप दुसऱ्या इमारतीत पोहोचवताना आम्ही कुरकुरायचो. तिचा अर्थ निवृत्तीनंतर कळला.

कादंबरी आता पुन्हा पहिल्या पानापासून लिहितो आहे. रोज रात्री तिची प्रत वेगळ्या डिस्कवर सावकाश उतरते. तोवर मी चहा पीत बसतो.